‘त्यांच्या पश्चात’ कोण? जिल्हा पानावर समलिंगी जोडप्याची बातमी लावताना

निधनवार्तेचा आमच्या डेस्कवर एक ठरलेला साचा आहे. ‘अमुक यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. ते इतक्या वर्षांचे होते. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सून, नातवंडे असा परिवार आहे.’ बावीस वर्षांत अशा किती बातम्या सोडल्या याची मोजदाद नाही. डोळे मिटून सोडता येतात. एकदा मात्र मी नेमकी त्या साच्यापाशीच अडले.

रात्रीचे साडेआठ वाजले होते, शहर पान लागत आलं होतं. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ वहीचं फाडलेलं पान घेऊन आत आले. गेलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक. नाव, वय, अंत्यसंस्काराची वेळ, सगळं सुवाच्य अक्षरात. मी सवयीनं विचारलं, “पश्चात कोण कोण?” म्हणाले, “एक बहीण, दोन भाचे.” मग जरा थांबून म्हणाले, “एकोणीस वर्षं आम्ही एकत्र राहत होतो. मला काय लिहाल?”

माझ्याकडे शब्द नव्हता. मी ‘मोठा मित्रपरिवार’ असं लिहिलं आणि पान सोडलं. आपल्या मित्रपरिवारात भिशीतली माणसंही येतात. ते काही बोलले नाहीत, ‘बरं’ म्हणून गेले.

त्या रात्रीनंतर मी एका पुठ्ठ्यावर काही गोष्टी लिहून टेबलासमोर लावल्या. नवीन उपसंपादक आणि तालुक्याचे वार्ताहर अधूनमधून त्याचा फोटो मागतात. पुठ्ठ्यावर सगळं मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

कॉपी, म्हणजे वार्ताहराचा मजकूर, हातात आल्यावर

पहिला प्रश्न एकच: यात बातमी काय आहे? दोन बायका भाड्याच्या घरात एकत्र राहतात आणि शेजाऱ्यांना ते पटत नाही, ही बातमी नाही. शेजाऱ्यांनी त्यांचं पाणी तोडलं किंवा दारावर दगड मारले, ही बातमी आहे आणि तिचा मथळा दगड मारणाऱ्यांवर व्हायला हवा.

बातमी असेल तर जोडी बदलून वाचा. मी मनातल्या मनात दोन मुलींच्या जागी एक मुलगा आणि एक मुलगी घालते. मग ‘परिसरात खळबळ’, ‘चर्चेला उधाण’, ‘धक्कादायक प्रकार उघडकीस’ ही वाक्यं तशीच राहिली असती का? नसती, तर खोडायची. ‘खळबळ’ बहुतेक वेळा वार्ताहराच्या खुर्चीतच माजलेली असते. विचारा त्याला, किती जणांशी बोललास? तो एका पानटपरीवाल्याचं नाव सांगेल.

‘अजबच!’, ‘आगळावेगळा विवाह’, ‘काय हा प्रकार?’ अशा मथळ्यांना द्वेष म्हणता येणार नाही. डेस्कला त्यात गंमत वाटते, इतकंच. पण त्या दोघांच्या आयुष्यात पेपरात नाव येण्याचा तो एकमेव दिवस असू शकतो.

जोडी बदलून वाचण्याची युक्ती एका ठिकाणी मात्र दगा देते, आणि तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

नाव न छापताही नाव छापलं जातं

पळून गेलेल्या मुलगा-मुलगीचं नाव छापलं तर घरचे चिडतात. दोन मुलींचं छापलं तर त्या मुलींची नोकरी, खोली, शिक्षण, कधी कधी जीवही धोक्यात येतो. म्हणजे सारखी वागणूक इथे पुरत नाही, जास्त काळजी घ्यावी लागते. ज्यानं स्वतः जगाला सांगितलेलं नाही, त्याचं आपण सांगायचं नाही. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये नाव आहे, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरतोय, दुसऱ्या पेपरनं छापलंय, यातलं काहीही पुरेसं कारण नाही.

आमची चूक सांगते. एकवीस आणि बावीस वर्षांच्या दोन मुली घर सोडून गेल्या होत्या. पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ दाखल झालं होतं. आम्ही नावं छापली नाहीत आणि मनातून स्वतःची पाठ थोपटून घेतली. छापलं काय? एकीचे वडील सहकारी बँकेत शिपाई, दुसरी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, घरं पाण्याच्या टाकीमागे, आणि शेवटच्या ओळीत ‘दोघी पुण्याच्या दिशेने गेल्याचे समजते’. सकाळी सात वाजता वार्ताहराचा फोन आला. “ताई, सगळ्या गावाला कळलं. आणि पोरीचे मामा गाडी काढून पुण्याला निघाले.”

मामांना त्या सापडल्या नाहीत. आमच्या सावधपणामुळे नव्हे, पुणे मोठं आहे म्हणून.

तेव्हापासून मी धागे मोजते. गावात माणूस ओळखू येतो तो आडनाव, आई-बापाचा धंदा, कॉलेज आणि वस्ती या चार धाग्यांवरून. मोठ्या शहरात यातले दोन चालून जातात. वीस हजार वस्तीच्या गावात एकही नको, तालुक्याचं नाव पुरे. कुठे गेल्या, कुणाकडे राहतात, कुठल्या गाडीनं गेल्या हे तर कधीच नाही. पाठमोरा फोटोही नको. ओढणीवरून आणि दारातल्या स्कूटरवरून लोक ओळखतात. चेहरा धुरकट करून लावलेला फोटो म्हणजे निव्वळ स्वतःची समजूत.

तपासात, चौकशीत किंवा खटल्यात आलेल्या अठरा वर्षांखालील मुलाची ओळख पटेल असं काही छापायला बालन्याय कायद्यानं बंदी आहे. बलात्कार, लैंगिक अत्याचारातल्या पीडितेबाबत भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ लागू होतं. हे डेस्कला साधारण पाठ असतं. प्रश्न सज्ञान माणसांचा असतो, कारण तिथे बऱ्याचदा कायद्याआधी आपली अक्कल लागते.

इथे प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवायचे, कविता लिहायचे. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरे घेऊन माणसं त्यांच्या घरात शिरली आणि एका पुरुषासोबतचं त्यांचं खासगी आयुष्य चित्रित केलं गेलं. विद्यापीठानं त्यांनाच निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली आणि त्यानंतर आठवड्याभरात ते राहत्या जागी मृतावस्थेत आढळले. न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला होता, तोवर चित्रफितीनं आपलं काम केलेलं होतं. कुणी ‘व्हिडिओ आहे, वापरू का?’ विचारलं की मी हे सांगते.

पोलिसांची भाषा जशीच्या तशी उचलू नका

तालुक्याहून येणाऱ्या कॉपीत दोन वाक्यं हमखास असतात. एक, ‘दोघींना पालकांच्या ताब्यात देण्यात आले’. दुसरं, ‘समुपदेशन करून घरी पाठवले’. दोन्ही वाचायला गोड लागतात.

ताब्यात दिलं? वय काय? एकवीस वर्षांची बाई म्हणजे मुद्देमाल नव्हे, तिला कुणाच्या ताब्यात देता येत नाही. वार्ताहराला परत फोन लावा: त्या स्वतः काय म्हणाल्या? जबाब आई-वडिलांसमोर घेतला की एकट्याचा? मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रकरणांसाठी उच्च न्यायालयांना मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत, त्या व्यक्तीशी न्यायाधीशांनी खासगीत बोलावं, तिची स्वतःची इच्छा जाणून घ्यावी आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलण्याचा प्रयत्न होऊ नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. न्यायाधीशांनी जे करू नये, ते ठाणे अंमलदारानं केलं असेल तर तीच बातमी आहे.

समुपदेशनाचंही तेच. कुणी केलं, कशासाठी केलं? ‘मन वळवण्यासाठी’ असं उत्तर आलं तर ते समुपदेशन नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असं ‘बदलण्याचं’ उपचारतंत्र हे डॉक्टरच्या दृष्टीनं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. तेव्हा ‘यावर उपचार शक्य’ अशी चौकट आणून देणाऱ्या डॉक्टरचा कोट लावू नका. जाहिरात असेल तरी नको. आमच्या जाहिरात विभागाशी माझं या एका विषयावर दोनदा भांडण झालं आहे. एकदा मी जिंकले.

गुन्ह्यांच्या बातम्यांत दोन ठिकाणी पाय घसरतो. पुरुषानं लहान मुलावर अत्याचार केला की ‘समलैंगिक कृत्य’ असा मथळा येतो. तो बाल लैंगिक अत्याचार आहे, पॉक्सोचा गुन्हा आहे, समलिंगी नात्याशी त्याचा संबंध नाही. मुलीवर अत्याचार करणाऱ्याच्या मथळ्यात आपण ‘भिन्नलिंगी’ लिहितो का? दुसरी बातमी ॲपवर ओळख काढून भेटायला बोलावणाऱ्या आणि लुटणाऱ्या टोळ्यांची. या टोळ्या चालतातच ‘घरी कळवू’ या धमकीवर. फिर्यादीचं नाव, कंपनी, हुद्दा छापला की टोळीचं उरलेलं काम आपण फुकटात करून देतो, आणि पुढचा माणूस ठाण्यात यायचा राहतो.

शब्द

‘समलिंगी’ लिहा. ‘समलैंगिक’ चूक नाही, पण मराठी कानाला त्यात शेज आधी ऐकू येते, माणूस नंतर. हे माझं मत, यावर डेस्कवर वाद होऊ द्या. ‘जोडपं’ हा चांगला, रुळलेला शब्द आहे, तोच वापरा. ‘जोडगोळी’ चोरांची असते.

‘समलिंगी असल्याची कबुली दिली’ हे वाक्य मी स्वतः एकेकाळी लिहिलेलं आहे. कबुली गुन्ह्याची असते. माणसानं ‘सांगितलं’, एवढंच. ‘नाद’, ‘शौक’, ‘आवड’, ‘विकृती’, ‘अनैसर्गिक’ हे सगळे शब्द बाद. ‘तृतीयपंथी’ हा शब्द समलिंगी माणसासाठी वापरू नका. एक आपण स्त्री, पुरुष की आणखी कुणी याबद्दलचं आहे आणि दुसरं आपलं प्रेम कुणावर याबद्दलचं. ही गल्लत पत्रकार परिषदांतसुद्धा दिसते.

अवतरणचिन्हांवर लक्ष ठेवा. दोघांपैकी एकानं ‘माझा नवरा’ म्हटलं आणि आपण कॉपीत नवरा या शब्दाभोवती सगळीकडे चिन्हं लावली, की आपण डोळा मारला. त्यांचं वाक्य उद्धृत करायचं तर पूर्ण करा, नाहीतर ‘जोडीदार’ लिहा आणि पुढे चला. आणि मुलाखतीत ‘तुमच्यात नवरा कोण, बायको कोण?’ हे विचारणाऱ्या वार्ताहराला उत्तर मिळालं नाही, म्हणून त्यानं चिडू नये.

मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तमिळनाडू सरकारनं २०२२ मध्ये यासाठी तमिळ शब्दांची यादीच राजपत्रात प्रसिद्ध केली. आपल्या डेस्कनं सरकारची वाट पाहायची गरज नाही, एक पुठ्ठा पुरतो. शब्द अडला की विचारायलाही माणसं आहेत: मुंबईत हमसफर ट्रस्ट समलिंगी माणसांसाठी १९९४ पासून काम करते, पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून.

कायद्याची ओळ

‘समलिंगी विवाह बेकायदा’ असं लिहू नका. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं अशा विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. मान्यता नसणं वेगळं आणि गुन्हा असणं वेगळं. दोघांनी देवळात हार घातले, पन्नास माणसांना जेवू घातलं, तर त्यांनी कुठलाही कायदा मोडलेला नाही. ‘मान्यता नसतानाही लग्न उरकले’ या वाक्यात उगीचच हातकडी खुळखुळते.

ज्याखाली समलिंगी संबंध गुन्हा ठरत, ते भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ ‘रद्द झालं’ असं सरसकट लिहितात. ६ सप्टेंबर २०१८ ला न्यायालयानं सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध त्यातून बाहेर काढले; बाकी कलम राहिलं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र ते कलमच नाही. बँकेची बातमी असेल तर हेही माहीत हवं: संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला बंधन नाही, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. एखाद्या शाखेनं परत पाठवलं, तर जिल्हा पानासाठी ती अस्सल बातमी आहे. खळबळ नाही, कागद आहे.

‘आपल्या वाचकांना चालणार नाही’

हे संपादकांकडून ऐकाल. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते, तेही मराठीतच. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला तेव्हा त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. प्रश्न विचारणारे आपलेच वाचक होते की.

‘दुसरी बाजू’ घ्या म्हणून आग्रह होतो. कायद्यावर वाद असेल तर जरूर घ्या, दोन वकील बोलवा. पण दोघांना घरमालकानं बाहेर काढलं या बातमीत दुसरी बाजू घरमालकाची असते. संस्कृतीवर बोलणारा तिसराच माणूस त्यात कशाला?

पुन्हा तो साचा

वर्षभरानं ते गृहस्थ पुन्हा आले. पुण्यस्मरणाची छोटी जाहिरात द्यायची होती. मी या वेळी आधी विचारलं, “तुमचं नाव कसं टाकू? जोडीदार, सहचर, की नुसतं नाव?” त्यांनी बराच वेळ विचार केला. घरमालक पेपर वाचतो, म्हणाले. शेवटी ‘शोकाकुल’खाली त्यांचं नाव पहिलं आलं, बहिणीच्याही आधी, पुढे नातं न लिहिता. क्रम त्यांनी सांगितला, बहिणीनं फोनवर हो म्हटलं.

म्हणजे युक्ती शब्दात नाही, विचारण्यात आहे. ‘जोडीदार’ छापणं मला पुरोगामी वाटलं असतं, त्यांना खोली सोडावी लागली असती. उलटही घडतं. एखादं जोडपं उघडपणे राहत असतं आणि निधनानंतर चुलतभाऊ फोन करतो, ‘त्याचं नाव काढा, आम्ही रक्ताचे आहोत.’ एका फोनवर नाव काढू नका. दोघं लोकांत जोडपं म्हणून राहत होते का, पत्रिकांवर, घराच्या पाटीवर दोन्ही नावं होती का, हे पाहा. होती, तर ‘त्यांच्या पश्चात जोडीदार अमुक, भाऊ, पुतणे असा परिवार आहे’. साच्यात एक शब्द बसवायचा, बाकी साचा तोच.

चूक झाली तर

खुलासा त्याच पानावर आणि सहज दिसेल अशा जागी द्या. त्याआधी ई-पेपर आणि वेबसाइटवरची बातमी दुरुस्त करा किंवा उतरवा, कारण कात्रण व्हॉट्सॲपवर फिरतं ते तिथूनच. आणि एक गोष्ट आम्हीही उशिरा शिकलो: ओळख उघड झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करताना त्या व्यक्तीचं नाव, गाव, बातमीचा मथळा पुन्हा छापू नका. ज्यांनी पहिल्यांदा वाचलं नव्हतं तेही मग शोधून वाचतात. खुलाशाचा मजकूर त्या व्यक्तीला आधी वाचून दाखवा. तिला खुलासाच नको असेल तर तो देऊ नका, नुसती बातमी उतरवा.

बातमी तुमच्याबद्दल असेल आणि डेस्क ऐकत नसेल, तर आधी संपादकांना लेखी कळवा. कुठल्या तारखेचा अंक, कुठलं पान, कुठलं वाक्य, त्यात चूक काय आणि तुम्हाला काय हवं, एवढं एका पानात. फोनवर भांडू नका, फोनची नोंद राहत नाही. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार करता येते. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे ओढू शकते, आणि संपादकांना ते दंडापेक्षा जास्त झोंबतात. तक्रारीसोबत मूळ कात्रण आणि संपादकांशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत जोडा. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर मुदत दोन महिन्यांची असते आणि ती बातमी छापून आल्यापासून मोजतात, संपादकांचं उत्तर आल्यापासून नाही. तेव्हा पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढचं पाकीट लिहायला घ्या.